जुनी गाडी, खारा वारा आणि पासिंग

गावच्या घरासमोर एक झक्कास जुनी जीप असावी, असं कुणाला वाटत नाही? पण ती बाहेरून आणून मालवणच्या किनाऱ्यावर वापरायची, एमएच-०७च्या परीक्षेला बसवायची, तर नुसती हौस पुरत नाही. कागद, खिसा आणि चासी, तिन्ही मजबूत लागतात!

सोमवार ते शुक्रवार एसी ऑफिस, क्युबिकल, डेडलाइन आणि बॉसचे मेल. डोक्यात मात्र भलतंच चित्र. तारकर्लीचा किनारा, माडांच्या रांगा, आजोबांच्या घरासमोरचं सारवलेलं खळं आणि त्या खळ्यात उभी असलेली हूड काढलेली जुनी जीप. मागच्या सीटवर मासळीची पिशवी, बाजूला मित्र, आणि घाई कसलीच नाही...

हे स्वप्न बघणारे तुम्ही एकटे नाही. गणपतीत किंवा मे महिन्यात मालवणच्या बाजारपेठेत उभं राहा आणि नंबर प्लेट वाचत बसा. एमएच-०१, एमएच-१२ तर असतातच, शिवाय जीए, केए आणि चक्क डीएलसुद्धा! नाक्यावरचे काका 'खंयची गाडी?' असं विचारतात, ते उगाच नाही. पाहुणी म्हणून आलेल्या गाड्या सुट्टी संपली की परत जातात. पण काही इथंच राहतात. गावच्या घरासाठी, होम-स्टेच्या धंद्यासाठी किंवा निव्वळ हौस म्हणून घेतलेल्या. बहुतेक पंधरा वर्षांच्या आसपासच्या, कारण स्वस्त त्याच मिळतात.

आणि इथूनच सुरू होते पासिंगची गोष्ट. 'पासिंग' हा आरटीओच्या दुनियेतला शब्द. गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायची, त्यांनी ती तपासायची आणि पास करायची. बऱ्याच जणांना वाटतं की हे एजंटचं काम, आपण सही करायची नि मोकळं व्हायचं. पण बॉस, जुनी गाडी किनाऱ्यावर आणायची असेल तर या परीक्षेकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवं. का ते पुढे येईलच.

'इम्पोर्टेड' म्हणजे नेमकी कुठली?

सिंधुदुर्गात बाहेरून आलेल्या जुन्या गाड्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. तिन्हींची डोकेदुखी वेगवेगळी.

पहिली साता समुद्रापलीकडची, खरीखुरी इम्पोर्टेड. दुबईचा मामा 'माझी दहा वर्षांची लँड क्रूझर पाठवून देतो' म्हणाला, तर त्याला आत्ताच नम्रपणे नाही म्हणा. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती उतरवता येते फक्त मुंबई बंदरात. त्यावरची ड्यूटी ऐकून तर मामाच गप्प होईल. म्हणजे आज कोकणात दिसणारी जुनी परदेशी गाडी ही बहुधा फार पूर्वीच देशात आलेली आणि तीन-चार हात फिरलेली असते.

अशी गाडी घेण्याआधी आरसीवर 'इम्पोर्टेड' अशी नोंद आहे का, ते जरूर बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना या एका शब्दाची किंमत कळते. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्यासाठी ५,००० रुपये आणि इम्पोर्टेड मोटारीला ४०,००० रुपये फी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी आणखी वाढली. साधी मोटार १०,००० आणि इम्पोर्टेड तब्बल ८०,०००! दुचाकीचंही तसंच. वीस वर्षांवरच्या साध्या मोटरसायकलला २,००० तर इम्पोर्टेड दुचाकीला २०,०००. अनेकदा गाडीची किंमत आणि ही फी यांची जवळजवळ बरोबरी होते.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर मामला निराळा. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आले. खासगी दुचाकी-चारचाकी असावी आणि मूळ रूपात असावी, चासी-बॉडी-इंजिनात मोठी उलथापालथ केलेली नसावी. परदेशातून आणलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री लागतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण गंमत अशी की ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढंच. सुरमई आणायला बाजारात न्यायची असेल तर व्हीए प्लेट तुमच्या कामाची नाही.

आणि डाव्या स्टिअरिंगची जीप? ती आपोआप बेकायदा ठरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२०व्या कलमानुसार अशा गाडीला वळण्याचा इशारा देणारं, चालू स्थितीतलं उपकरण असलंच पाहिजे. इंडिकेटर बंद असलेली डाव्या स्टिअरिंगची गाडी घेऊन पासिंगला जाणं म्हणजे पेपरला पेन न नेण्यासारखं!

दुसरी पत्रादेवीपलीकडची, म्हणजे गोव्याची. बांदा ओलांडलं की गोवा, त्यामुळे सोयरिकींइतकीच गाड्यांची देवाणघेवाणही जुनी. १९४९ मध्ये भारतानं तयार मोटारींच्या आयातीचं दार लावून घेतलं, तेव्हा पोर्तुगीज गोव्यात ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज खुशाल येत होत्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि त्या गाड्या आपोआप भारतीय झाल्या. पुढे कितीतरी वर्षं मर्सिडीजची टॅक्सी हे गोव्याचं वैशिष्ट्य होतं. अलीकडच्या बाजूला अँबॅसिडर आणि प्रीमियर, पलीकडे मर्सिडीजचा तारा! परदेशी गाड्यांचं आकर्षण या पट्ट्यात मुरलंय ते तेव्हापासून.

आज गोव्याची गाडी सिंधुदुर्गात वापरायला एक साधा नियम आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), नव्या नंबरचा अर्ज (फॉर्म २७), मालक बदलला असेल तर फॉर्म २९ आणि ३०, आणि महाराष्ट्राचा कर. 'पाच मिनिटांवर गोवा, कोण विचारतंय?' म्हणत वर्षानुवर्षं जीए प्लेटवर फिरणारे असतातच. पण अपघात झाला की सगळेच विचारतात. पोलिस, विमा कंपनी आणि कोर्ट.

तिसरी दिल्लीची. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्त्यावर बंदी घालणारा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्ये उचलून धरला. २०२५ मध्ये त्यात फेरबदल झाले. पण मधल्या काळात तिथल्या गाड्या स्वस्तात देशभर पसरल्या. कोरड्या हवेतली असल्यानं अशी गाडी खालून बरेचदा स्वच्छ असते. मात्र उन्हानं तिचे रबरी पाइप, सील आणि वायरिंग कडक झालेलं असू शकतं. हिला समुद्राची सवय नाही. खारा वारा तिला इथं पहिल्यांदा भेटतो.

ओरोसच्या आवारात

सिंधुदुर्गचं परिवहन कार्यालय सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला. मालवणहून कसालमार्गे जायचं. त्याआधी 'परिवहन'च्या वेबसाइटवर अर्ज, फी आणि वेळ घेणं हे सगळं करून ठेवायचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतरच्या नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे फॉर्म २५. तो मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांत करता येतो. उशीर केलात तर मोटारीला दर महिन्यामागे ५०० रुपये जादा. वर पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना पर्यावरण कर आहेच.

इन्स्पेक्टर सगळ्यात आधी बघतात तो चासी नंबर. आरसीवरचा आणि गाडीवरचा जुळतो का? त्यासाठी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची छाप घेतात. लहानपणी नाण्यांची घ्यायचो ना, अगदी तशीच! इथंच किनाऱ्यावरच्या अनेक जुन्या गाड्या अडतात, कारण गंजानं नंबरातला एखादा आकडाच खाल्लेला असतो. अशा वेळी ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर घेऊन साफसफाई करायला जाऊ नका. घासलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय. मऊ ब्रशनं माती काढा, थोडं तेल लावा, पुसा. तरीही वाचता येत नसेल तर आरटीओच्या परवानगीनंच नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा. गॅरेजवाल्यानं 'मी मारून देतो' म्हटलं तरी नाही.

पुढे दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक, टायर. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. काचांवर काळी फिल्म नको, तो विषय सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच संपवलाय. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. पीयूसी आणि विमा चालू हवा.

आणि मॉडिफिकेशन! जुन्या जीपवर सगळ्यात जास्त जीव इथंच अडकतो. रुंद टायर, पुढे लोखंडी बुल बार, दुसऱ्याच गाडीचं इंजिन, छपरावर दिव्यांची रांग. उत्पादकानं दिलेल्या मूळ स्वरूपात आरसीच्या तपशिलाला छेद देणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर गाडी घेऊच नका. ते कागद नीट करताना तुमच्या सगळ्या सुट्ट्या संपतील.

सगळं जुळलं, की गाडी पास. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी चालू. फोटो काढायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा, पार्टी...

थांबा. खरी गोष्ट आता सुरू होते.

वारा नावाचा इन्स्पेक्टर

ओरोसचे इन्स्पेक्टर गाडी अर्धा तास बघतील. समुद्राचा वारा तिला चोवीस तास बघतो.

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. मीठ त्या कामाला वेग देतं. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, आणि मिठातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडत जातं. मालवण, देवबाग, वेंगुर्ला, देवगडसारख्या गावांत हे मीठ हवेतूनच येतं, त्यासाठी गाडी पाण्यात घालावी लागत नाही. (पुळणीवर ओल्या वाळूत गाडी पळवायची हौस असेल तर मग बोलायलाच नको!) त्यात सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याची लाल माती चाकांच्या कमानीत, दाराखालच्या पट्ट्यांत, चासीच्या पोकळीत जाऊन बसते आणि स्पंजसारखी ओली राहते. वरून रंग चकाचक, आतून पापुद्रे.

गाडी पूर्वी मासळीच्या धंद्यात होती का, हेही विचारा. बर्फ आणि मासळीचं खारं पाणी ज्या टेम्पोच्या किंवा जीपच्या तळावर रोज ठिबकलंय, तिच्या चासीचं वय कॅलेंडरनं मोजायचं नसतं.

विकणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणून दोन युक्त्या ठरलेल्या. एक, पत्र्याला भोकं पडली की लांबी, म्हणजे पुट्टी भरून वर रंग. दोन, खालच्या बाजूला काळं कोटिंग किंवा जळकं ऑइल फासणं. ऑइलनं गंज थोडा थांबतो हे खरं, पण ते रबरी बुश आणि सील फुगवून खराब करतं, पावसात धुऊन विहिरीच्या वाटेला लागतं, आणि मुख्य म्हणजे खालचा गंज झाकतं.

त्यावर उतारेही साधे आहेत. खिशात एक लोहचुंबक ठेवा. जिथं पत्रा आहे तिथं चिकटेल, पुट्टीवर घसरेल. चासी लहान हातोडीनं हळूच ठोकत जा. 'टण्ण' आवाज आला तर धातू जिवंत, 'धप्प' आला तर आत पापुद्रे. जिथं शंका येईल तिथं स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. तो आत गेला तर व्यवहार तिथंच संपला. मालक चिडेल, चिडू दे. गाडीची कार्पेट उचला. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली तर गाडी कधीतरी पुरात बुडालेली असू शकते. जुलै २००५ची मुंबई, २०१९चं कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१चं चिपळूण. पुरातल्या गाड्या कुठेतरी जातातच ना?

घाटातला पेपर

गंजाची भीती दिसण्यापुरती नसते. ती ब्रेकशी जोडलेली आहे, म्हणून हा विषय सीरियस.

सिंधुदुर्गात घाटावरून यायचं तर आंबोली, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा. पावसाळा, धुकं, समोरून एसटी आणि सलग उतार. अशा वेळी ब्रेक तापतात. जुन्या जीपना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, ते लवकर थंड होत नाहीत. ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइलचा एक स्वभाव आहे, ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल म्हणजे काय, ते समजून घ्या. उतारावर ते उकळलं तर पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला की पेडल सरळ फळीला टेकतं.

दुसरा धोका पाइपाचा. ब्रेकचे पोलादी पाइप चासीला क्लिपनं धरलेले असतात. क्लिपच्या मागे माती आणि खारं पाणी साठतं, आणि पाइप नेमका तिथंच बारीक होत जातो. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं थोडंफार धरतं. कित्येक जुन्या गाड्यांत एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले.

आता सांगा, आरटीओच्या सपाट आवारात, रिकाम्या गाडीत, हळू वेगानं घेतलेल्या चाचणीत हे कसं दिसणार? दोष इन्स्पेक्टरचा नाही, चाचणीच तेवढी आहे. ब्रेक तपासायला निदान २५० मीटरचा ट्रॅक हवा, असा आग्रह आरटीओंकडे धरायला मुंबई उच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं, तेही धंद्याच्या गाड्यांच्या फिटनेससाठी. तुमच्या खासगी जीपचा खरा पेपर जुलै महिन्यात करूळ घाटात असतो. आणि तेव्हा गाडीत आई-बाबा, गणपतीचं सामान आणि मागच्या सीटवर झोपलेली भाचरं असतात.

अप्रेझल दर पाच वर्षांनी?

जगात इतरत्र काय करतात? ब्रिटनमध्ये 'एमओटी' चाचणी १९६० मध्ये सुरू झाली, ती आधी दहा वर्षांवरच्या गाड्यांसाठी. आज बहुतेक गाड्यांना तीन वर्षं झाली की ती दरवर्षी द्यावी लागते. जपानमध्ये 'शाकेन'. नव्या मोटारीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, आणि खर्च एवढा की लोक चांगल्या चालणाऱ्या गाड्याही विकून टाकतात. त्याच जपानी गाड्या जहाजानं न्यूझीलंडला जातात. तुमचा एखादा मित्र ऑकलंडला आयटीत असेल तर विचारा, त्याची पहिली गाडी बहुधा जपानहून आलेली सेकंड-हँड असेल. तिथं अशा गाडीला नंबर मिळण्याआधी सांगाड्याची तपासणी होते. जुना अपघात आणि गंज हे दोन आरोपी हटकून शोधले जातात. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशाला गंजाचं महत्त्व कळणारच.

आणि आपल्याकडे? खासगी गाडीला पंधरा वर्षं कुणी बघत नाही. मग एकदा पासिंग, आणि पुन्हा पाच वर्षं शांतता. तुमचं स्वतःचं अप्रेझल दरवर्षी होतं, आणि विशीत पोचलेल्या गाडीचं पाच वर्षांनी! पाच वर्षं म्हणजे मालवणचे पाच पावसाळे. पासिंगच्या दिवशी ठणठणीत असलेला ब्रेकचा पाइप तिसऱ्या पावसाळ्यात काय अवस्थेत असेल, हे ओरोसच्या शिक्क्यावरून कळत नाही.

म्हणून मुद्दा एकच. सरकारी पासिंग ही किमान अट आहे. गाडी कागदावरची आहे, आणि आज, या क्षणी, ती रस्त्यावर उभी राहण्यालायक आहे, एवढंच ती सांगते. किनाऱ्यावर गाडी ठेवायची तर वर्षातून एकदा तिचं घरचं पासिंग करा. तारीखही ठरवून टाका. मे महिन्याचा शेवट, पाऊस सुरू होण्याआधी.

चौकट : घरचं पासिंग

• गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. फोनचा टॉर्च लावून स्वतः खाली शिरा. मेकॅनिकच्या शब्दावर सोडू नका.

• ब्रेकचे पाइप क्लिपमधून सोडवून मागची बाजू बघा. खवले दिसले तर पाइप बदला. तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप मिळाला तर उत्तम, तो गंजत नाही.

• ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. नुसतं वरून ओतू नका.

• स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर चासीला जिथं जोडलेत, ते सांधे हातोडीनं तपासा.

• दारांच्या आणि दाराखालच्या पट्ट्यांची पाणी निचरणारी भोकं तारेनं मोकळी करा. फुकटातलं काम, पण सगळ्यात उपयोगी.

• पावसाळ्यात आणि पुळणीवरून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. वरून नाही धुतली तरी चालेल!

• ताडपत्रीनं गच्च झाकू नका. आत ओल कोंडते. वर छप्पर, बाजूला हवा, असा मांडव उत्तम.

• टायरची नक्षी चांगली असली तरी बनावटीची तारीख बघा. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सावलीत उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात.

• आरसी, विमा, पीयूसी यांच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

शेवटचा मुद्दा गमतीनं घेऊ नका. नोंदणीची मुदत संपलेली गाडी चालवणं म्हणजे बिननोंदणीची गाडी चालवणं. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत. पण खरा फटका विम्याचा. तात्पुरती नोंदणी संपल्यावर चोरीला गेलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये विमा कंपनीची बाजू उचलून धरली. वैध नोंदणी नाही, तर दावा नाही. हप्ते भरले होते, पण उपयोग शून्य.

हिशेब मांडा, मगच चावी घ्या

समजा दिल्लीची सतरा वर्षांची जीप दोन लाखांत मिळतेय. त्यात महाराष्ट्राचा कर, पर्यावरण कर, नंबर प्लेट, विमा आणि गाडी इथवर आणण्याचा खर्च मिळवा. मग ब्रेक, टायर, रबरी पाइप, वायरिंग. चासीला वेल्डिंग करावं लागलं तर त्याचा आकडा वेल्डिंगवाला स्वतःही आधी सांगू शकत नाही. गंज काढायला घेतला की किती निघेल, ते काढल्यावरच कळतं. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला असेल तरच पुढे जा. आणि आरसीची मुदत संपत आलेली गाडी असेल तर मूळ मालकाकडून आधी नूतनीकरण करून घ्या, थकलेली चलनं आणि बँकेचा बोजा उतरवून घ्या. स्वस्त गाडी का स्वस्त आहे, याचं उत्तर बरेचदा याच कागदांत असतं.

आणि स्क्रू-ड्रायव्हर आत गेलाच, तर? तर ती जीप कितीही देखणी असू दे, सोडून द्या. मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्रात दिलेल्या गाडीचं प्रमाणपत्र मालकाला मिळतं आणि नव्या गाडीच्या करात त्याला सवलतही असते, हे त्याला सांगा. पटलं तर तुमच्या नकाराचा त्यालाही फायदा.

पण चासी टण्ण वाजली, कागद जुळले, पाइप नवे झाले, तर मात्र बिनधास्त घ्या. ओरोसला जाताना डबा बरोबर ठेवा, दिवस जाणार हे धरून चाला. संध्याकाळी एमएच-०७चा कागद हातात आला की कसालच्या फाट्यावरून मालवणच्या रस्त्याला लागा. यापुढे नाक्यावरच्या काकांनी 'खंयची गाडी?' विचारलं तर उत्तर सोपं आहे. 'हंयचीच!'

फक्त पुढच्या मे महिन्यात हातोडी आणि टॉर्च घेऊन तिच्याखाली शिरायला विसरू नका.